खेचराले दिलेला मान

अरे, चहा खाली ठेवा अगोदर, नाहीतर आंगावर सांडान! आमचा किन्हीराजा गावचा गजा उत्तराखंडात दरीत जाता जाता वाचला, अन् तेही खेचराले मान देण्याच्या नादात!

आमी डोंगर चढून राह्यलो होतो. वाट दोन हाताची, एका आंगाले पहाड अन् दुसऱ्या आंगाले सरळ दरी. वरून सिमेंटचे पोते लादलेले खेचरं आले. आता आपल्याकडं कसं, समोरून भरली बैलबंडी आली की रिकाम्या माणसानं वाट सोडून बाजूच्या वावरात उतरावं. गजानं तेच केलं. "या राजेहो, तुमी या पहिले," म्हणत पार दरीच्या काठावर जाऊन उभा!

पहिल्याच खेचराचं पोतं त्याच्या पोटाले लागलं अन् पाय सरकला! आमच्या वाटाड्या बाईनं त्याचा दुपट्टा धरून दोन खेचरांच्या मधून असा खसकन ओढला, की गजा पहाडाले पालीसारखा चिपकला.

बाई म्हणे, "भैया, इज्जत दो, पर पीठ पहाड़ से लगाकर दो!"

हे गजाच्या डोक्यात पक्कं बसलं. परवा आमी दोघं वावरातून घरी येत होतो. समोरून तुरीची भरली बंडी आली. मी सवयीनं वावरात उतरलो. पाह्यतो त गजा गायब!

"गज्या, कुठी गेला बे?"

मागून आवाज आला, "पाठ टेकून उभा हाओ ना बाप्पा! पण इथं पहाड कुठी भेटते? बाभूळ भेटली. आता हसू नको, काटे काढ!"