चिताऱ्याचं नाक

मंडळी, ऐका! दुसऱ्याची खोड दिसायला आपल्याला दिवा लागत नाही. मग स्वतःची पाहायची वेळ आली की डोळे का हो मिटतात? हसू नका, मीही मिटतो! आमचं कुटुंब म्हणतं, तुम्ही गायला बसलात की शेजारची म्हैस पान्हा चोरते. मी म्हणतो — म्हशीला संगीत काय कळतंय!

तर कोकणातल्या एका गावी रघुवीर चितारी देवळाची भिंत रंगवत होता. लंकेची लढाई! तीन महिने खपला. हात गुणी, पण नजर खट्याळ. राक्षसांना त्यानं गावकऱ्यांचीच तोंडं दिली. खोतांचा लोंबता ओठ, वैद्यांची बोकडदाढी, सगळं हुबेहूब! आणि रीत अशी, की चित्रात कुठेतरी चिताऱ्यानं आपलाही चेहरा काढायचा. तीच त्याची सही. यानं काढला ऋषी! दाट जटा, धारदार नाक. प्रत्यक्षात? डोक्यावर तुळतुळीत टक्कल, आणि नाक म्हणजे कांदाभजी!

त्याची बायको जानकी भाकरी घेऊन आली. हे कोण, म्हणून तिनं विचारलं. हा म्हणतो, मी. तिनं एकदा ऋषीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे.

"जेवून घ्या," ती म्हणाली. "उपाशीपोटी असं होतं."

दुपारी गाव जमलं. खोत भडकले. उद्या सकाळी भिंतीला चुना फासतो, म्हणाले. तीन महिन्यांची मेहनत! रघुवीर बायकोला म्हणाला, मी खोटं काय काढलं गं?

"खोटं एकच. तो ऋषी."

झोंबलं, मंडळी! पण ऊन उतरायच्या आत त्यानं ऋषी खरवडला आणि आरसा मागवला.

सकाळी खोत चुन्याची बादली घेऊन हजर. पाहतात तो काय — ऋषीच्या जागी रण सोडून पळणारा राक्षस! टक्कल, भजीनाक, धोतराचा सोगा सुटलेला, हातात तलवारीऐवजी कुंचला! खोत पोट धरधरून हसले. मग आपल्या राक्षसाकडे बघत राहिले.

"माझा निदान लढतोय तरी," म्हणाले, आणि बादली खाली ठेवली.

तेव्हा बाबांनो, जगाची भिंत खुशाल रंगवा, पण आपला ऋषी आधी खरवडा! ज्यानं आपल्याला अशा नाकांसकट पदरात घेतलं, त्याच्या नावानं वाजवा टाळी!

आणि हो — त्या म्हशीला संगीत कळतं.