नालीकाठचे सत्कार

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या गावचे सरपंच अमरसिंहराव. प्रमुख पाहुणे, प्लॉटिंगच्या व्यवसायात नाव कमावलेले रविराजराव. सत्कारमूर्ती, आपल्या तंटामुक्ती समितीच्या मावळत्या अध्यक्षा मुक्ताबाई. व्यासपीठावर खुर्ची न मिळाल्यामुळे किंचित नाराज, तरीही पहिल्या रांगेत आवर्जून बसलेले बंकटराव. आणि जेवणाचा वास सुटलेला असतानाही शांत बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी गहिनीनाथ. समितीचा सदस्य, आणि धंद्याने मंडपवाला. मला पाचच मिनिटं दिलेली आहेत. परंतु हा मंडप माझा, खुर्च्या माझ्या आणि माईकही माझाच आहे. तेव्हा 'आटोपते घ्या' अशी चिठ्ठी पाठवून कुणी कागद वाया घालवू नये.

मंडळी, तंटामुक्ती समितीला अधिकार कोणते? दंड करायचा नाही. कुणाला आत टाकायचं नाही. भिंत पाडायची नाही. फक्त सल्ला द्यायचा. आणि आपल्या गावात फुकटचा सल्ला कोण ऐकतो? तरीही मुक्ताबाईंनी सहा वर्षं ही समिती चालवली. कशी चालवली, एवढंच सांगतो. रविराजराव, आपण निवांत बसा. हवं तर पंखा तुमच्याकडे वळवतो.

गावाच्या कडेला रविराजरावांनी प्लॉटिंग पाडलं, हे आपण जाणताच. त्याला लागून साखराबाईंचा गोठा. जागा त्यांच्या सासऱ्यापासूनची. चार म्हशी, दारात गवऱ्यांचा रचलेला हुडवा, आणि पहाटे दुधाचा रतीब. नवऱ्यामागे त्या बाईनं घर चालवलं ते याच म्हशींवर. मग प्लॉटवर बंगले आले, बंगल्यांत माणसं आली, आणि समितीकडे अर्ज आला. सर्वांत वर सही आपल्या बंकटरावांची. मजकूर असा, की हा रहिवासी भाग असून गोठ्याच्या दुर्गंधीमुळे नागरिकांना जगणं अशक्य झालेलं आहे, सबब म्हशी हलवाव्यात.

बैठक बसली. मुक्ताबाईंनी विचारलं, "बंकटराव, म्हशी आधीच्या का बंगले आधीचे?"

बंकटराव म्हणाले, "प्रश्न आधी-नंतरचा नाही, वासाचा आहे."

आता हे म्हणणंही अगदीच खोटं नव्हतं. वास होता. मीही नाकाला रुमाल लावूनच गेलतो. साखराबाई एका कोपऱ्यात पदर धरून बसलेल्या. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हशी हितनं हलल्या तर मी कशापायी ऱ्हाऊ हितं?"

मुक्ताबाईंनी बराच विचार केला आणि सल्ला दिला. महिनाभर म्हशी मुक्ताबाईंच्या स्वतःच्या शेतात बांधायच्या. वास गेला तर पुढचं बघू. दुसऱ्या दिवशी साखराबाई म्हशी घेऊन शेतावरच राहायला गेल्या.

पुढे काय झालं? बंगल्यांमध्ये पिशवीचं दूध सुरू झालं. बंकटरावांच्या घरी चहा प्यायला गेलेला माणूस दुसऱ्यांदा जाईना. आणि वास? वास आपला जागच्या जागी! बंकटराव म्हणायचे, "मातीत मुरलाय, जाईल हळूहळू." शेवटी त्यांच्या घरच्याच, म्हणजे आमच्या वहिनी, एका दुपारी वैतागून बाहेर पडल्या, वासाच्या मागोमाग गोठ्याच्या पाठीमागे गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "अहो, इकडं या! ही आपलीच नाली हाय!"

मंडळी, प्लॉटिंगच्या नकाशात नाली होती. ती बांधलीही होती, अगदी सिमेंटची. फक्त ती कुठे जाणार, हे ठरवायचं राहून गेलं होतं. साऱ्या बंगल्यांच्या मोऱ्यांचं पाणी गोठ्यामागे येऊन थांबलं होतं. ज्या वासासाठी आपण म्हशींना गावाबाहेर काढलं, तो आपल्याच घरचा निघाला.

हसू नका. कारण तोवर एक गोष्ट होऊन गेली होती. शेत लांब, रतीब तुटलेला, चार जनावरांची पेंड आणायची कुठून? साखराबाईंनी एक म्हैस नेकनूरच्या बाजारात नेऊन विकली. चांदी तिचं नाव. कपाळावर पांढरा ठिपका होता. आम्ही बाजारात जाऊन चौकशी केली, पण व्यापाऱ्यानं ती पुढे कुणाला दिली, त्यालाच सांगता येईना.

त्या दिवशीच्या बैठकीत मुक्ताबाई पहिल्यांदा खाली मान घालून बसल्या. म्हणाल्या, "सल्ला माझा. म्हैस मातर तिची गेली." मग आम्हीही सगळ्यांनी माना खाली घातल्या. बंकटरावांनीही, ही नोंद घ्यावी.

मग आम्ही रविराजरावांकडे गेलो. त्यांनी आम्हाला चहा दिला, बिस्किटं दिली आणि आश्वासन दिलं. पुन्हा गेलो. पुन्हा चहा, पुन्हा आश्वासन. मी म्हटलं, "बाई, सोडा आता. आपल्याला दंड करता येत नाही."

मुक्ताबाई म्हणाल्या, "दंड करता येत न्हाई, पर सत्कार तर करता येतोय का न्हाई?"

आणि मग, रसिकहो, रविराजरावांचा तो भव्य नागरी सत्कार झाला. स्थळ, गोठ्याची मागची बाजू. मंडप माझा. मानाची खुर्ची नालीला अगदी चिकटून. शाल, श्रीफळ, झेंडूचा जाडजूड हार. हार घातला की माणसाला उठून जाता येत नाही, हा माझ्या धंद्यातला अनुभव आहे. बंकटरावांनी 'आधुनिक वसाहती आणि रविराजराव' या विषयावर प्रदीर्घ भाषण केलं. मी आभार मानले, तेही सविस्तर. मधेच पाहुण्यांनी डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत रुमाल लावला. लोकांना वाटलं, गहिवरले.

घरी जाताना रविराजराव म्हणाले, "दोन दिवसांत काम लावतो." लावलं नाही. तेव्हा मुक्ताबाईंनी त्यांचा वाढदिवस शोधून काढला. दुसरा सत्कार सपत्नीक ठेवला. रविराजरावांनी प्रकृतीचं कारण सांगितलं, पण त्यांच्या सौभाग्यवतींना सत्काराचं कौतुक. त्या नवी साडी नेसून आल्या आणि नवऱ्यालाही घेऊन आल्या. बसल्या, इकडेतिकडे बघितलं, आणि माईक समोर आहे हे न कळून विचारलं, "अहो, ही घाण आपण केलीय का?"

भोंगे माझेच. अख्ख्या गावानं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबी आला. नाली पार ओढ्याकडच्या शोषखड्ड्यापर्यंत गेली. रविराजराव, मनापासून सांगतो, काम पक्कं केलंत. त्याबद्दल तुमचा तिसरा सत्कार करायचा आमचा विचार होता, पण आपण परगावी गेलात.

साखराबाईंना परत आणायला आम्ही सगळे शेतात गेलो. बंकटराव पुढे झाले, हात जोडले. साखराबाई म्हणाल्या, "येते दादा. पर फुडल्या टायमाला वास आला, तर आदी आपापली मोरी हुंगा, मंग माज्या दारात या." मुक्ताबाईंनी आपल्या घरच्या म्हशीची वगार त्यांच्या दावणीला आणून बांधली. साखराबाईंनी ती ठेवून घेतली, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "वगार लई गुणाची हाय. पर चांदी ती चांदी." मुक्ताबाईंनी मान हलवली.

अशा अध्यक्षा पुन्हा निवडून याव्यात, असं सगळ्यांनाच वाटत होतं. मी स्वतः त्यांच्या घरी जाऊन विचारलं, "बाई, कशापायी सोडताय? कुणी काही बोललं का?"

त्या म्हणाल्या, "न्हाई बाबा. जावेनं माज्या अंगणात पन्हाळ काढलाय. चार वर्सं झाली, पावसाचं सगळं पाणी माज्या दारात. तंटामुक्तीच्या अध्यक्षानं भांडावं तरी कसं? गप बसले. आता मला भांडायचं हाय. पोटभर."

मंडळी, त्यांच्या जाऊबाई भामाबाई तिसऱ्या रांगेत बसलेल्या आहेत. त्यांनी आत्ताच पदर खोचलेला मला इथून दिसतो आहे.

नव्या समितीला माझ्या शुभेच्छा! मुक्ताबाईंना निरोगी आयुष्य आणि खणखणीत आवाज लाभो. सरपंचसाहेबांचे, पाहुण्यांचे आणि तुम्हा सर्वांचे मी मनापासून ऋण मानतो. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनानं सोडून द्यावं. ज्यांना सोडून देणं जमणार नाही, त्यांनी उद्या समितीकडे यावं. मात्र लवकर यावं. मुक्ताबाईंचा नंबर पहिला आहे.