उजवीकडची तीन बटणं

...परत वर! तुम्हाला सांगतो, उजवीकडची तीनही बटणं परत वर! काल दुपारी मी स्वतः, या हातांनी, मधोमध आणून ठेवली होती, आणि आज सकाळी बघतो तर...! बरं, घरात माणसं दोन. एक मी आणि एक आमची ही. तिसरं कुणी असतं तर त्याच्यावर ओरडता तरी आलं असतं. हिला विचारायची सोय नाही. का नाही ते सांगतो, पण त्यासाठी तीन वर्षं मागे जावं लागेल, बसा जरा.

तर माझ्याकडे एक इक्वलायझर आहे. काळा, जुना, टेप आणि अँप्लिफायरच्या मधे जोडलेला. तोंडावर दहा बटणं, उभ्या फटीतून वरखाली सरकणारी. डावीकडची जाड आवाजाची, उजवीकडची बारीक आवाजाची... म्हणजे झांजेची किणकिण, व्हायोलिनच्या तारेवर गज घासतो ना, ती घासणी. बटण मधोमध असलं की आवाज जसा आहे तसा. वर केलं की तेवढाच वाढतो. संपलं! ही म्हणते, "एवढं सोपं आहे तर रोज अर्धा तास त्याच्यापुढे उकिडवे काय बसता?" आता काय सांगायचं? चौतीस वर्षं छापखान्यात मशीन चालवलेला माणूस मी. लाल रंग निळ्यावर केसभर सरकला तरी मला जेवण जायचं नाही!

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी व्हायोलिन लावलं आणि तुम्हाला सांगतो, वाजवणाऱ्यावर कुणीतरी गोधडी टाकलेली! आवाज आहे, पण धारच नाही. म्हटलं, टेप जुनी झाली असेल. उजवीकडची तीन बटणं जरा वर घेतली. हं, आता बरं! शेजारी पेन्सिलीने बारीक रेघ मारली, पुढच्या वेळी शोधायला नको. चार महिन्यांनी परत गोधडी. परत वर, परत रेघ. अशा रेघा चढत गेल्या हो... दाराच्या चौकटीवर मुलीची उंची मोजायचो ना आम्ही, अगदी तशा.

मुलगी आली, उंबऱ्यातच कानात बोटं! "बाबा, केवढं किंचाळतंय ते! कान तपासून घ्या."

"मशीनमध्ये दोष आहे," मी म्हटलं, "माझे कान शाबूत आहेत!"

मग मेकॅनिकला बोलावलं. त्याने सगळं उघडलं, फुंकर मारली, वायरी हलवल्या, आणि बटणांकडे बघत बसला. म्हणतो कसा, "काका, मशीन ठणठणीत आहे. पण ही तीन इतकी वर कोण ठेवतं?" मी म्हटलं, मी ठेवतो! त्याने पेचकस खिशात ठेवला. मग हळूच, "काका, कान..." मी म्हटलं, "मशीनमध्ये दोष आहे, माझे कान शाबूत आहेत!" चहा न घेता गेला बिचारा.

आणि या सगळ्यात आणखी एक भानगड. ही माझ्याशी पुटपुटायला लागली. तोंडातल्या तोंडात! स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणायची, मी "काय?" म्हणायचो, ती परत म्हणायची, मी परत "काय?", की ही म्हणणार, "काही नाही." दिवसातून दहा वेळा काही नाही! मग हळूहळू बोलणंच आटलं. पेपर वाचायची, खिडकीत उभी राहायची. आता तुमच्यापासून काय लपवायचं... मला वाटलं, कंटाळली ही मला. एकेचाळीस वर्षांनी बाई कंटाळली तर कुठे तक्रार करणार? मी मुलीला म्हटलंसुद्धा, "तुझी आई हल्ली माझ्याशी बोलत नाही." मुलगी म्हणाली, "आई म्हणते बाबा ऐकत नाहीत." बघा! उलट्या बोंबा!

शेवटी मुलीने धरूनच नेलं कान तपासायला. काचेची खोली, पलीकडे तपासणारी बाई, कानावर डबडी, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी दाबतोय, दाबतोय, मग बराच वेळ काहीच नाही. म्हटलं, बाई चहाला गेली वाटतं. काचेतून बघतो तर ती तिथेच, एकामागून एक आवाज सोडतेय, आणि माझ्या बोटाकडे बघतेय...



तिने एक आलेख काढून दिला. डावीकडे रेघ सरळ, उजवीकडे घसरगुंडी. घरी आलो, इक्वलायझरपुढे बसलो, आणि सवयीने कागद उलटा करून उजेडाला धरला. उलटं वाचण्यात तर जन्म गेला आमचा! घसरगुंडीचा झाला चढ. आणि तो चढ आणि माझ्या तीन बटणांचा चढ... तुम्हाला सांगतो, रंगावर रंग बसावा तसा तंतोतंत! तीन वर्षं मी मशीन दुरुस्त करत नव्हतो. स्वतःच्या कानांचा आलेख काढत बसलो होतो, पेन्सिलीने.

छापखान्यात आमचे फोरमन नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगायचे, "छपाई फिकट दिसली तर शाई वाढवू नकोस, आधी चष्मा पूस." मी स्वतः तेच वीस जणांना शिकवलं. वीस जणांना!

ही मागे उभी होती. म्हणाली, "मला माहीत होतं." मी उडालोच. म्हणाली, "तुम्ही फिरायला गेलात की मी बटणं मधे आणून ऐकायचे, आणि तुम्ही यायच्या आत परत रेघेवर नेऊन ठेवायचे. दर वेळी रेघ वर गेलेली असायची."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले. तीनदा."



कानात यंत्र बसलं. तिथल्या बाईने संगणकावर ते जुळवलं, तर पडद्यावर काय? उभ्या फटी आणि सरकती बटणं! मी हात पुढे केला तर म्हणते, "काका, हात मागे." घरी येऊन व्हायोलिन लावलं आणि मीच ओरडलो, "अगं, बंद कर, कान फाटले!" तीन बटणं मधे आणली. गोधडी गेली! आणि स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, स्वतःशीच, अगदी हळू, "आता तरी ऐकू येऊ दे माझं या माणसाला." मी म्हटलं, "येतंय." आत भांडं पडलं. बाहेर आली, डोळे भरलेले, माझेही भरलेले. त्या दिवशी आम्ही दोघं सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बोलत होतो, तीन वर्षांचं साठलेलं.

आता त्या आजच्या बटणांचं. गेल्या महिन्यात पहिल्यांदा ती अशी वर दिसली, मी नाही केली. चष्मा पुसला, जवळ जाऊन पाहिलं. माझ्या जुन्या रेघांच्या शेजारी एक नवी रेघ, बारीक, नाजूक हाताची. मी हिला हाक मारली. "काय?" म्हणाली. परत मारली. परत "काय?"

मी जवळ गेलो, हळूच म्हटलं, "एकदा कान..."

तर कमरेवर हात ठेवून म्हणते, "मशीनमध्ये दोष आहे! माझे कान शाबूत आहेत!"

मी काय करणार? ती फुलं आणायला गेली की बटणं मधे घेतो, ऐकतो, आणि ती यायच्या आत तिच्या रेघेवर नेऊन ठेवतो. काल तेवढं विसरलो, आणि आज तिनेच परत वर नेली. सांगून झालंय तिला, दोनदा. अजून एकदा राहिलंय.