पुसण्याआधी आठवडाभर

"ताई, तिकिटं का बंद आहेत? आणि तुम्ही कुणावर एवढ्या भडकलाय?"

फिलिपिन्समधल्या दुमागेतेच्या बोटीच्या धक्क्यावर रांगेतल्या मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून आई-बाबांबरोबर आलेल्या लिगायाने विचारलंच. तिकीटखिडकीमागे लॅपटॉप बडवत बसलेल्या संगणकवाल्या रोवेनाने शेजारच्या साहेबाकडे बोट दाखवलं.

"ह्यांना विचार. ह्यांचाच प्रताप आहे."

"रोवेना, लोकांसमोर नको."

"लोकांसमोरच! एक जुना प्रिंटर भंगारात काढलात, तर त्याचं सर्व्हरवरचं खातंही पुसून टाकलंत. त्याच खात्यावर चारही खिडक्यांचे प्रिंटर चालत होते!"

"ते मला काय ठाऊक?"

"म्हणून तर घसा फोडून सांगत होते. खातं आधी नुसतं बंद ठेवा, आठवडाभर बघा कोण बोंबलतंय, कुणीच नाही बोंबललं तर मग पुसा. तुम्हाला मात्र फिएस्ताच्या जत्रेआधी यादी चकाचक हवी होती!"

"बरं, आता नवं खातं काढ. आणि अहवालात लिही, चूक तुझ्या हातून झाली. तू काय, कंत्राटी. तुला दुसरीकडे मिळेल काम."

"बटण तुम्ही दाबलंत, साहेब!"

"पाहिलंय कुणी?"

रोवेना दात-ओठ खात पुन्हा कामाला लागली. थोड्या वेळाने तिकिटं निघू लागली आणि बोटीने भोंगा दिला.

"लिगाया, चल गं, मिळाली तिकिटं!" आईने हाक मारली.

"आई, बाबा, तुम्ही व्हा पुढे, मी नंतरच्या बोटीने येते. साहेब जे बोलले ते मी शब्दन् शब्द ऐकलंय. अहवालाखाली साक्षीदार म्हणून माझं नाव, पत्ता आणि सही घातल्याशिवाय मी इथून हलणार नाही."