बाहेरची कडी

धोंडुबाई : म्हंजे शेजारची पुतळी बोलली ते खरं. दाराला कुलूप नाय.

मृणाली : काढलं, मावशी. बसा आधी. पेणपासून एसटीत उभ्यानं आलात वाटतं.

धोंडुबाई : बसते मागनं. रोहा स्टँडवरनं हितं वरसेपर्यंत चालत आले, तवा बसायची घाई नाय मला. माझा निलेश हाय ना आत?

मृणाली : आहे. डॉक्टरांपाशी आहे, रोजच्या गोळीला. येईलच आता.

धोंडुबाई : मग हे कुलूप घे. पितळी हाय, जड हाय. घरी त्याच्या खोलीला लावत व्हते. त्यानं किती हिसकलंन, गदागदा हलवलंन, पन सुटलं नाय. तुमच्या दाराला लाव.

मृणाली : नाही लावता येणार. सोमवारी तपासणीला अधिकारी येतायत. आपल्या व्यसनमुक्ती केंद्राला सर्टिफिकेट मिळायचंय अजून. नियमच आहे, पेशंटच्या दाराला बाहेरून कुलूप नको. कुणाला कोंडायचं नाही. ज्याला जायचंय त्यानं सांगून जायचं.

धोंडुबाई : चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्या म्हन की.

मृणाली : निलेश चोर नाही, मावशी.

धोंडुबाई : तू नको गो सांगू मला. माझ्या कानातल्या कुड्या कुणी इकल्या? मी आई हाय म्हनून चोर बोलते. दुसऱ्या कुणी बोललं तर जीभ हासडीन त्याची.

मृणाली : म्हणून तर मी नाही बोलले. आणि कुलूप लागतं आम्हाला, पण गोळ्यांच्या कपाटाला. तेही दोन. एक किल्ली डॉक्टरांकडे, एक माझ्याकडे.

धोंडुबाई : गोळी कुलपात आनि मानूस मोकाट. उलटाच कारभार हाय तुमच्या सायबांचा.

मृणाली : त्या गोळीसाठीच तर सगळी धडपड. ही कुठल्याही दुकानात मिळत नाही. मंजुरी असलेल्या केंद्रातच देतात. आपली आत्ताची परवानगी तात्पुरती आहे. साहेबांना दारावर तुमचं कुलूप दिसलं की मंजुरी गेली आणि गोळी बंद. मग निलेशनं रोज सकाळी उठून पनवेल गाठायचं का?

धोंडुबाई : गोळीचं नाव काढू नको. हितं रोह्याच्या कंपनीत याची कंबर धरली, मेडिकलवाल्यानं दुखण्याची कॅप्सूल दिलीन. कंबर सुटली, कॅप्सूल काय सुटली नाय. आता तुम्ही परत गोळीच देता.

मृणाली : ती कॅप्सूल अफूच्या कुळातली होती. ही गोळीही त्याच कुळातली, पण ही तलफ दाबून धरते, नशेसाठी धावायला लावत नाही. माणूस जेवतो, झोपतो, कामाला लागतो. मग डॉक्टर बेतानं कमी करत नेतात.

धोंडुबाई : आधीच्या केंद्रात बरं व्हतं. गजांची दारं. पोरगा कुठं हाय ते तरी ठाऊक असायचं.

मृणाली : आणि तिथून घरी आल्यावर काय झालं?

धोंडुबाई : काय व्हायचं. दुसऱ्याच दिवशी न्हाणीत पडलेला गावला. ओठ निळे. मी हाका मारून मारून… नको, नको ती आठवन.

मृणाली : कोंडून ठेवलेला माणूस सुटला की पहिला तिकडंच धावतो, मावशी. आणि शरीराची सवय मोडलेली असते, मग पूर्वीएवढं घेतलं तर जीवावर बेततं. आम्ही पाहिलंय असं.

धोंडुबाई : तुझं शिकलेलं तुझ्याकडं. मी त्याला आजच नेते. त्या केंद्रात जागा हाय, इचारूनच आले.

मृणाली : मला कशाला सांगता? त्यालाच विचारा. आलाच बघा.

धोंडुबाई : निलेश, पिशवी भर. चल. अरं, तुझ्याशी बोलते मी. सिस्टर, हा मुका का झालाय?

मृणाली : गोळी जिभेखाली आहे. विरघळेपर्यंत बोलायचं नाही, गिळली गेली तर फुकट जाते. तोवर तुम्ही बोला.

धोंडुबाई : मी काय बोलू? आज तुझं आडवं बोलनं नाय, तवा ऐक. मिठागरात मीठ ओढायचे नि सगळं ध्यान घरच्या कुलपावर. दुपारी धावत यायचे, खिडकीतनं बघायचे, छाती हलते का तुझी. मग परत जायचे. मी आई का जेलर, माझं मलाच कळंना. राग नाय रं माझा तुझ्यावर. भीती वाटते, दुसरं काय नाय. … केस कुणी कापले ह्याचे? बापासारखा दिसतोय. न्हावी बोलावलात का गो?

मृणाली : आम्ही नाही बोलावला. निलेश, जीभ वर कर. हं, विरघळली. बोल आता.

निलेश : नदीपल्याड, अष्टमी गावात कापले.

धोंडुबाई : अष्टमीत? पूल वलांडून? कुनाबरोबर गेलेलास?

निलेश : एकटाच. काल, सिस्टरला सांगून.

धोंडुबाई : तो मेडिकलवाला अष्टमीतच हाय ना?

निलेश : न्हाव्याच्या समोरच. आरशात त्याचं दुकान दिसत व्हतं. त्यानं मला हात पन केलान.

धोंडुबाई : मग?

निलेश : केस झाले, पन उठलो तर कुठं जाईन त्याचा भरवसा वाटंना. म्हनून दाढी करायला सांगितली. मग मालिश. तोवर त्यानं दुपारचं शटर खाली वढलं. तवा उठलो नि आलो.

(धोंडुबाई आता खाली बसते.)

निलेश : आये, सोमवारी ते तपासनीचे सायब मला इचारनार, तू हितं आपल्या मनानं ऱ्हातोस का. मला व्हय बोलायचंय. कुलूप लावलंस तर काय बोलू?

धोंडुबाई : सिस्टर, दे गो ते कुलूप हिकडं.

मृणाली : घ्या. परत नेताय?

धोंडुबाई : कोंबड्यांना व्हईल. मुंगूस सोकावलंय.

निलेश : आनि माझी पिशवी?

धोंडुबाई : ऱ्हाऊ दे हितंच. फकस्त घरी येशील तवा तुझे पाने, हातोडी काढ. त्या खोलीला कडी बाहेरनं हाय. ती काढ नि आतनं बसव.