दरीवर थांबलेला डबा

—नाही काका, ते हिरवं बटण नाही. आधी बोट मागे घ्या, मग काय बोलायचं ते बोला मला. गेलेली वीज परत आलीय, दिसतंय. रोपवेचा डबा दरीवर मधोमध अडकलाय, वारा सुटलाय, तेही दिसतंय — माझा नवरा नि मुलगी आहेत त्यात, मला नाही दिसणार? पण ह्या रोपवेच्या कॉम्प्युटरचा नवा प्रोग्राम तपासायचं काम आमच्याच ऑफिसात आहे, आणि तपासणी संपायच्या आतच तुमच्या साहेबांनी तो बसवला. आत्ता ऑफिसातून फोन आला मला. डबा मध्येच थांबवून पुन्हा सुरू केला, की हा उरलेल्या अंतराला वेगाने भागायला जातो — आणि थांबलेल्याचा वेग किती? शून्य. शून्याने भागलं की कॉम्प्युटर जागच्या जागी ठप्प. ब्रेक कोणाच्या हातात? त्याच्याच.

नाही हो, चालवून नाही बघितलं कोणी. चालवायचंच नसतं — आमचं साधन ओळ न् ओळ नुसती वाचतं आणि कुठे अडेल ते सांगतं. माझ्या सासूबाई नाही का, न चाखता सांगतात, मीठ विसरलीस म्हणून, नुसते माझे हात बघून — तसं. हो, चुकतात की. कितीदा तरी मीठ घातलेलं असतं. आमचं साधनही उगाच ओरडतं, खोटं कशाला बोलू, सगळे हसतो आम्ही त्याला. पण आज नाही हसवत मला. रोज सकाळी नीट सुरू होतो म्हणता — सकाळी तो स्टेशनात उभा असतो, तिथे हा हिशेबच नसतो. मध्येच अडकायची ही पहिलीच वेळ ना? मग?

वीज गेली की डबा ओढून आणायला मागे डिझेल इंजिन ठेवलंय ना, त्याला कॉम्प्युटर लागत नाही ना? हळू ओढतं, कबूल, वारा वाढेल, आणि माझंच चुकत असेल तर मी त्यांना उगाच टांगून ठेवलं असं होईल. दोन्हीकडून भीती वाटते हो मला. पोरगी चढायला तयार नव्हती, मीच ढकललं तिला — आणि स्वतः खाली राहिले, मला चक्कर येते म्हणून. साहेब काय म्हणाले? दाबा? त्यांचं काय जातंय, त्यांचं कोण आहे वर? तुमचं तरी—

काय?

तिकिटं बघायला डब्याच्या दारापाशी बसतात, त्या बाई... तुमच्या मिसेस?

म्हणून घाई चालली होती होय तुमची. मला वाटलं, साहेबांना भिऊन. चला, इंजिन कुठे आहे ते दाखवा. साहेबांचा फोन वाजतोय तो वाजू दे.