साहेब येऊन राह्यले, कॅन लपवा

मी शबाना, बल्लारपूरची. अब्बा स्टो आन् कुकर दुरुस्त करत, बाजारात टिनाखाली बसून, आन् कुकर नीट करून देताना बाईले तोंडावर सांगत का बाई, तुमच्या शिट्टीत खराबी नव्हती, तुम्ही पाणीच कमी टाकलं. त्याच्यानं गिऱ्हाईक कमी आन् भांडणं जास्त. पण खोटं सांगून दुसऱ्यांदा कुकर आणवणं त्यायले जमलंच नाई. माहं तोंड असं आहे तं त्यायच्यामुळं, मले दोष देऊ नका.

राजुऱ्याले कॉलेजात होती तेव्हा दुपारची बस बंद केली, पोरी घरी कशा जाईन याचा कोणी विचार नाई केला, तं मी पत्रक लिवलं आन् चौकात उभी राहून वाटलं. पोरींनी घरीच बसावं असं ज्याले वाटते त्यानं समोर येऊन सांगावं, असं त्याच्यात लिवलं होतं. कोणी समोर आलं नाई, बस मात्र आली. तेव्हापासून माह्या डोक्यात पक्कं बसलं का आपण आवाज काढणारी पोट्टी आहो. हे का सांगून राह्यली, तं पुढं मीच कशी चूप बसली थे ऐका.

कॉलेज झाल्यावर राजुऱ्यात बस स्टँडच्या बाजूनं चहाचं दुकान घेतलं. आपलं टपरीचं नाई, ब्रँडचं. बोर्ड त्यायचा, कप त्यायचे, चहापत्ती त्यायची, मसाला त्यायचा, मेहनत आपली. फ्रँचायजी म्हणते त्याले. हेड ऑफिस पुण्याले. आमच्या भागात अशी चार दुकानं, भद्रावतीले वासुदेवभाऊचं, मंग चंद्रपूरचं, बल्लारपूरचं, आन् शेवटी माहं. वासुदेवभाऊ सगळ्यात जुने, डोक्यावर टोपी, बोलणं कमी. बाकीचे दोघं त्यायच्या शब्दाबाहेर नाई.

आता पुण्याचा निरोप कसा येई ते सांगते. मोबाइलवर एक ग्रुप होता, त्याच्यात फक्त त्यायनंच लिहायचं. आपण वाचायचं. दर सोमवारी इंग्रजीत पाच-सहा पानं येत. एकदा एप्रिलच्या शेवटी हुकूम आला का काउंटरवरच्या माणसानं काळं जाकीट घालूनच उभं राहायचं. काय सांगू तुम्हाला, आमच्या इथं तवा उन्हात ठेवला तं पोळी भाजन अशी गरमी, आन् जाकीट. सांगाव तं कुठी सांगाव? तक्रारीचा एक नंबर होता, त्याच्यावर लिवलं का तुमची तक्रार नोंदवली असं येई, आन् दोन दिवसानं तक्रार मिटली असं येई. कोणी मिटवली, कशी मिटवली, देवाले माहीत. मी जाकीट खुंटीले टांगलं आन् साहेब येईन त्या दिवशी घातलं. सारेच तसं करत. आमाले तीच सवय लागली, वरून आलं ते वाचायचं, हो म्हणायचं, आन् मागून आपलंच करायचं.

पण खरी गोष्ट पाण्याची आहे. आमच्या इथलं बोरिंगचं पाणी जड. डाळ शिजत नाई, साबणाले फेस येत नाई. ब्रँडनं सगळ्यायले एकच फिल्टर देल्ला, पुण्याले चालला म्हणून इथंही चालन. ब्रँडचं नियमायचं पुस्तक होतं, त्याच्यात लिवलं होतं का ह्याच फिल्टरचं पाणी वापरा, बाहेरचं पाणी आणलं तं करार मोडला. मी पयल्या दिवशी पुस्तकातल्यासारखा चहा केला, मिनिटं मोजून, तं कपावर तवंग आला, रंग मातकट, चव म्हणजे कुकर धुतल्या पाण्यावानी. अब्बानं एक घोट घेतला आन् म्हणाले, शबाना, हा चहा लोकायले नको देऊ. मी वासुदेवभाऊले फोन लावला. त्यायनं विचारलं, पाण्याचा कॅन लावला का नाई? शुद्ध पाण्याचे वीस लिटरचे कॅन येते ना, थे. म्हणाले, आमी सारे तेच वापरतो, पुण्याले सांगायचं नाई बस.

आन् साहेब तपासाले आले तं? तं त्याचीही सोय होती. निखिलसर म्हणून पुण्याचे एक जवान साहेब होते, दर दोन महिन्यानं येत, न सांगता. नागपूरकडून गाडी येई, म्हणून पयलं दुकान भद्रावतीचं. वासुदेवभाऊचा कॅन कायम मागच्या खोलीत झाकलेला, साहेब खुर्चीवर बसले का ते मागच्या दारी जाऊन चंद्रपूरले फोन करत, चंद्रपूरवाले बल्लारपूरले, बल्लारपूरवाले मले. साहेब येऊन राह्यले, कॅन लपवा. पाच शब्द. बल्लारपूरवाले कॅन बाजूच्या सलूनमध्ये ठेवत, मी बाजूच्या शिवणवाल्या काकाच्या दुकानात पडद्यामागं. आन् साहेब पोचायच्या आधी कॅनचं पाणी ब्रँडच्या फिल्टरमध्ये ओतून ठेवायचं. साहेब आपल्या डोळ्यानं पाहत का चहा फिल्टरच्या पाण्याचा झाला, चाखत, मस्त म्हणत, यादीत पाणी या शब्दापुढं खूण करत आन् जात. ते गेल्यावर आमी फोनवर हसत. पुण्याचा निरोप आठ दिवसातून एकदा येई, आमचा दहा मिनिटात पोचे. लय हुशार होतो आमी.

मंग गडचिरोलीचं दुकान उघडलं, सुनंदाबाई मडावीचं. धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावची बाई, मोहफुलं वेचून, तेंदूपानं तोडून वाढलेली, बचत गटात आठ-दहा वर्षं काम केलेलं. तिले ग्रुपमध्ये घेतलं, पण आमच्या फोनच्या साखळीत कोणी घेतलं नाई. काऊन? तं निखिलसर गडचिरोलीले वेगळ्या दिवशी जात, त्या रस्त्यावर आमच्यातलं कोणीच नव्हतं. कोणाले तिची आठवणच नाई आली. जाणून नाई केलं, पण केलं तं आहे.

एक दिवस सकाळी तिचा फोन. म्हणाली, ताई, मी गडचिरोलीहून बोलून राह्यली, चहावर तवंग येते, गिऱ्हाईक एकदा येते ते पुन्हा येत नाई. निखिलसर म्हणते राजुऱ्याले तोच फिल्टर आहे, तिथला चहा साऱ्यात बेस्ट, खराबी तुमच्या हातात आहे. एक महिन्यात सुधारलं नाई तं बोर्ड काढून नेईन अशी नोटीस आली. ताई, तुमी फिल्टरचंच पाणी वापरता ना?

आन् मी हो म्हटलं.

चौकात पत्रकं वाटणारी मी. मनात वासुदेवभाऊचं बोलणं, पुण्याले सांगायचं नाई. वाटलं, ही पुण्याले सांगन. तिनं बरं ताई म्हणून फोन ठेवला. मी अब्बाले सांगतलं. अब्बानं मान वर नाई केली, नुसतं विचारलं, तिनं पाणी कमी टाकलं का तू खोटं सांगतलं?

दुसऱ्या दिवशी दुकान अब्बावर टाकलं आन् गाडी पकडून चंद्रपूर, तिथून गडचिरोली. दुकान असं साफ का मले लाज वाटली. पुस्तक प्लास्टिकमध्ये घालून भिंतीले लावलेलं, बाजूले घड्याळ, ती मिनिटं मोजून चहा करून राह्यली होती आन् समोर एक माणूस नाई. आमच्यातलं एकही दुकान पुस्तकाप्रमाणं चालत नव्हतं, जे चालत होतं त्यालेच नोटीस. मी उभ्या उभ्या सारं सांगतलं. कॅन, सलून, पडदा, फिल्टरमध्ये ओतलेलं पाणी. वाटलं, रडन नाई तं आभार मानन. तिनं हातातली गाळणी खाली ठेवली आन् म्हणाली, म्हणजे तुमी चौघायनं मिळून माहं दुकान बुडवलं. साहेब तुमच्या चहाच्या मापानं मले मोजून राह्यले.

मी म्हटलं, बाई, तुम्हीही उद्यापासून कॅन लावा, साखळीत येऊन जा. तं म्हणाली, मी नाई लपवणार. आमच्या गावात सभेत बसून जे ठरते ते साऱ्यायच्या समोर ठरते, पटलं नाई तं तिथंच बोला, घरी जाऊन वेगळं करायचं नाई. मी पुस्तकावर सही केली आहे. पुस्तक चुकलं असन तं पुस्तक बदला.

परतीच्या गाडीत वहीच्या पानावर मी पत्रक लिवलं. चारच ओळी. आमी दोन वर्षं खोटा चहा पाजला. त्याच्यानं एका खऱ्या माणसाचं दुकान बुडून राह्यलं. आता साहेब आले का कॅन काउंटरवर ठेवू. दोन कप देऊ, एक फिल्टरचा, एक कॅनचा. फोटो काढून तिघायले पाठवला. चंद्रपूरवाले म्हणाले, वासुदेवभाऊ म्हणन तसं. बल्लारपूरवाल्यायनंही तेच. आन् वासुदेवभाऊ म्हणाले, पोरी, तुले पत्रकं काढायची हौस आहे, माहं घर या दुकानावर आहे, करार मोडला म्हणून चौघायलेही काढन. मी म्हटलं, भाऊ, एकाले काढणं सोपं आहे, पाच जणायले काढून या भागात ते चहा कोणाच्या हातून विकन? आन् तुमी नाई म्हटलं तरी मी काउंटरवर ठेवणारच आहो. त्यायनं होही नाई म्हटलं, नाईही नाई म्हटलं, फोन ठेवला.

नोटिशीचे नऊ दिवस राह्यले होते. एक दिवस अकराच्या सुमारास बल्लारपूरचा फोन आला. सवयीनं मी कॅनकडं धावली. पण तिकडून निरोप वेगळा होता. साहेब येऊन राह्यले, वासुदेवभाऊनं दोन कप पाजले. माहे पाय तिथंच थांबले. टोपीवाला म्हातारा सगळ्यात पयला होता हो, त्याच्या मागं कोणी उभं राहीन का नाई हे त्याले माहीत नव्हतं, तरी त्यानं पाजले.

निखिलसर माह्या दुकानात आले तोवर त्यायच्या पोटात सहा कप गेले होते. मी सातवा-आठवा समोर ठेवला, कॅन त्यायच्या नाकासमोर. त्यायनं दोन्ही चाखले, चेहरा पार उतरला. म्हणाले, शबाना, मग इतके दिवस मला काय पाजत होतात? मी म्हटलं, सर, तुमाले जे पाहायचं होतं ते दाखवत होतो, चूक आमची आहे, लिवून घ्या. पण तुमच्या यादीत पाणी बरोबर आहे का येवढंच होतं, नसन तं काऊन नाई हे लिहायले रिकामी ओळ कुठी आहे थे दाखवा. ते म्हणाले, सगळ्या रिपोर्टवर माझी सही आहे. घाबरले होते बिचारे, त्यायचीही नोकरीच. मी म्हटलं, मंग आखीन एक सही करा, खऱ्या रिपोर्टवर.

त्यायनं तिथूनच पुण्याले फोन लावला, आवाज मोठा करून. तिकडच्या मॅडमनं सारं ऐकून घेतलं आन् म्हणाल्या, बाहेरचं पाणी म्हणजे करारभंग, चौघांनाही नोटीस जाईल. मी म्हटलं, मॅडम, द्या. पण पाचही बोर्ड एकाच दिवशी काढायले गाडी मोठी पाठवा, आन् गाडीसंग तुमी स्वतः या, आमच्या बोरिंगचं पाणी प्या, मंग बोर्ड काढा. मंग मॅडमनं हळूच विचारलं, पाण्याचे नमुने पाठवता येतील का? मी म्हटलं, बाटल्या भरूनच ठेवल्या आहे. पाचवी गडचिरोलीची होती, सुनंदाबाईनं गाडीनं पाठवलेली.

आता कसं आहे ते सांगते. सुनंदाबाईची नोटीस परत घेतली, लेखी. आमच्या पाचही दुकानायले जड पाण्याची वेगळी मशीन आली. पुस्तकात आपल्या भागाचं पान जोडलं, मराठीत, आन् जाकीट गेलं. ग्रुप खुला झाला. सोमवारी सकाळी आधी दुकानं बोलते, पुणं ऐकते, मंगच त्यायचा नंबर. सारं गोड झालं असं समजू नका, मॅडम अजूनही दुसऱ्याचं बोलणं तोडून मधातच बोलते, आन् वासुदेवभाऊ खुल्या ग्रुपवर रोज पहाटे देवाचे फोटो टाकते, त्यायले कोण अडवन? पण आता जे चुकते ते त्याच आठवड्यात पुण्याले माहीत पडते, आन् मी ठासून सांगते, हे आमी मिळवलं, कोणी देल्लं नाई.

सुनंदाबाईचं दुकान आता चालते. ती माह्यासंग जास्त बोलत नाई, त्या फोनवरचा हो ती विसरली नाई, आन् काऊन विसराव? दर सोमवारी तिची पाळी आली का आपलं सांगून झाल्यावर विचारते, राजुरावाले, तुमचं खरं काय चालू आहे? साऱ्यायच्या समोर. मी सांगते, चांगलं वाईट दोन्ही. तिचा बोर्ड तिथंच राहो, आन् तिनं मले असंच विचारत राहावं.